ढोल बसत नाही

दोन बँडांपैकी चांगला कोणता, हे मला अजूनही सांगता येत नाही. खामगावात असताना प्रत्येक लग्नसराईत मी ते दोन्ही ऐकले, कधी गच्चीवरून, कधी दारातून, कधी अगदी ढोलाला खेटून. त्यांच्यात फरक काय आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही संगीत म्हणून नाही. तोवर मला काही कळत नाही हे आमच्या घरमालकांच्या लक्षात आलं, तर ते आम्हाला खोल्या खाली करायला लावतील, अशी मला खरीच भीती होती. म्हणून मी ते कोणाला बोलले नाही.

नवं राज्य झालं आणि पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतली माणसं विदर्भात पाठवली जाऊ लागली. त्यांत माझे वडील होते. माझं शिक्षण पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण मराठी पुस्तक हातात घेतलं की मी जोडाक्षरांपाशी अडखळायची. खामगावची बोली तर सुरुवातीला मला निम्मी कळायची आणि उरलेली कळल्यासारखं दाखवावं लागायचं. घरमालक मला 'कान्व्हेंट' म्हणत. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. "कान्व्हेंट, तुह्या मायले सांगजो, नळाले पानी आलं." एवढं सांगायला ते अंगणातून असा आवाज लावत की पाणी आल्याचं सगळ्या गल्लीला कळे. बायका त्याच आवाजावर हंडे घेऊन निघत.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. गल्ली त्यांना फिटर म्हणे. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याला तिथे नुसतं 'जिन' म्हणतात. काका तिथे हेड फिटर होते. जिनला लागूनच प्रेस, म्हणजे रुई दाबून तिच्या गाठी बांधायची जागा. तिथल्या यंत्रांच्या आवाजात त्यांचं सगळं आयुष्य गेलं आणि कानही तिथेच गेले, असं लोक म्हणत. काकांना ते मान्य नव्हतं.

"मी बहिरा नाही," ते म्हणत. "मले शांततेत कमी आयकू येते."

लोक हसत. मला आधी वाटलं हा विनोद असावा. मग त्यांचा चेहरा बघून वाटलं, नसावा. मग मी त्याचा विचार सोडून दिला. त्यांच्या बाबतीत मी बऱ्याच गोष्टींचा विचार सोडून देत असे.

जगातल्या सगळ्या वस्तूंची त्यांनी दोन भागांत वाटणी केली होती. काही 'बसत' आणि काही 'बसत नसत'. दाराची कडी बसते की नाही, हे मला कळू शकत होतं. पण भात बसत नाही म्हणजे काय? एका पुढाऱ्याचं मैदानावरचं भाषण ऐकून आले आणि म्हणाले, "मानूस चांगला हाये, पन बसला नाही." माझ्या आईने विणलेला स्वेटर हातात घेऊन, उलटासुलटा करून, "हा बसला," म्हणाले. आईला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ते सगळं मोठ्याने वाचत. मनात वाचणं त्यांना येत नसावं, किंवा आपण मनात वाचतो आहोत असं त्यांना वाटत असावं. सकाळचं वर्तमानपत्र सगळी गल्ली त्यांच्या तोंडून ऐके. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका, काहीही. एकदा माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचं इंग्रजी कार्ड पोस्टमनने त्यांच्या हातात दिलं. काकांना इंग्रजी अक्षरं येत होती, कारण यंत्रांवर ती असतात. त्यांनी अंगणात उभं राहून ते कार्ड सुटं सुटं वाचलं, "डी, ई, ए, आर." मी आत पांघरूण घेऊन बसले. गल्लीला काहीच कळलं नसणार, पण मैत्रिणीला मी लिहिलं की यापुढे पाकीट पाठव.

आता बँड.

जिन चालायचं दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, कापूस येईल तोवर. मग मजूर रिकामे होत, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई सुरू होई. कधीतरी त्यांच्यातल्या काहींनी जुने कार्नेट, क्लॅरनेट मिळवले, प्रेसवर काम करणाऱ्या एका आडदांड माणसाच्या गळ्यात ढोल अडकवला आणि लाल कोट शिवून घेतले. हा जिन बँड. ते पाहून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तेलगिरणीतले कामगार पेटले. त्यांनी हिरवे कोट शिवले. तो तेल बँड. दोन्ही बँडांना काहीतरी भारदस्त नावं होती आणि ती ढोलांवर रंगवलेली होती, पण ती कोणी उच्चारलेली मी ऐकली नाहीत.

कोट लाल असोत की हिरवे, शिवायचे करीमचाचाच. त्यांचं शिलाईचं दुकान आमच्या समोर होतं. चाचा तेल बँडाचे आणि काका जिन बँडाचे. रोज संध्याकाळी काका समोरच्या ओट्यावर जाऊन बसत आणि वाद सुरू होई. तो आदल्या दिवशी जिथे थांबला तिथूनच सुरू होई, त्यामुळे मला त्याची सुरुवात कधीच सापडली नाही.

"प्रेस कशी खाली येते?" काका विचारत. "आधी थांबते. मंग बसते. जिनच्या ढोलात तसंच हाये. थाप पडाच्या आधी एक थांब हाये. तुह्या तेलवाल्याले थांबता येत नाही. तेल काढाच्या एक्स्पेलरसारखा नुसता फिरून राह्यला."

"वरात चालली पाह्यजे, फिटर," चाचा म्हणत. "तिले काय दाबून गाठीत बांधाचं हाये?"

"मंग चालनारी वरात अन् पळनारी वरात यात फरक नाही का बे?"

"हाये ना. तुमच्या ढोलावर दोन्ही होत नाही. घोड्याले इचारा."

घोड्याचं प्रकरण जुनं होतं. एका लग्नात जिन बँड वाजत असताना भर चौकात घोडा अडला. ढोल थांबला की घोडाही थांबे, थाप पडली की एक पाऊल टाके, पुन्हा थांबे. नवरदेव दर वेळी घोड्याच्या मानेवर घसरे. त्याचा मुंडावळ्यांचा गुंता शेवटी न्हाव्याने सोडवला. चाचांच्या मते यापेक्षा मोठा पुरावा असू शकत नव्हता, कारण घोड्याला कोणाची बाजू घ्यायची नसते. काकांच्या मते तो घोडा तेलगिरणीजवळ बांधला जायचा आणि लहानपणापासून त्याच्या कानावर चुकीचं संगीत पडलेलं होतं.

हे सगळं मी आमच्या पायरीवर बसून बघायची. त्यातली एक गोष्ट मला खटके. चाचा बोलताना शिलाईचं मशीन चालवत, पण सुईखाली कापड नसे. सुई वर उचललेली, पाय खटखट खटखट चालू, आणि तोंडाने बँडाची चर्चा. काकांची मुलगी सुमन म्हणाली, "चाचाचा पाय चालल्याबिगर त्यायचं तोंड चालत नाही." मला ते पटलं.

एकदा त्यांनी मला पंच केलं. "कान्व्हेंटले इचारू," चाचा म्हणाले, "तिनं पियानो वाजवला हाये."

वाजवला होता. पियानोवर सिस्टर ताल मोजणारा एक लाकडी मेट्रोनोम ठेवायच्या आणि आम्ही त्याच्या टकटकीला घाबरून वाजवायचो. पण ढोल, ताशा आणि दात पडलेल्या माणसाने फुंकलेला कार्नेट यांच्याबद्दल मला काय सांगता येणार? मी हळूच म्हणाले, "दोन्ही चांगले आहेत."

"आं?" काका म्हणाले.

मला ते ओरडून सांगावं लागलं. गल्लीत दोनतीन खिडक्या उघडल्या. चाचांचा पाय थांबला. दोघंही माझ्याकडे अशा काही चेहऱ्याने पाहत राहिले, जणू मी त्यांना वाईट बातमी दिली होती.

"दोन्ही कसे चांगले असन?" काका अखेर म्हणाले. "मंग एक बंद कराले पाह्यजे."

सुमन माझ्यापेक्षा थोडी मोठी. आई लहानपणीच गेलेली, घरात ती आणि काका एवढेच. प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग तिने पूर्ण केलं होतं. दुपारी गच्चीवर मी तिला इंग्रजी शिकवायची आणि ती मला मराठी धडे वाचून घ्यायला लावायची. माझं जोडाक्षर चुकलं की ती हसायची नाही, फक्त बोट त्या अक्षरावर ठेवून थांबायची. ती चांगली शिक्षिका होईल हे मला त्या बोटावरून कळलं होतं. ट्रेनिंगमधली तिची एक मैत्रीण लोणारजवळ सुलतानपूरला शाळेत होती. तिथे एक जागा रिकामी होणार होती आणि सुमनने तिथे अर्ज केला होता. काकांना हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात स्थळ आलं. देऊळगाव राजाच्या कापडाच्या व्यापाऱ्यांचा मुलगा. चाचा त्यांच्याकडून कापड आणायचे, तेव्हा मध्यस्थी चाचांचीच. माणसं चांगली, घर मोठं. अट एकच, सुनेने नोकरी करायची नाही. चाचांनी ती अट मशीन चालवत काकांना सांगितली आणि काका म्हणाले, "तिले कायले नोकरी पाह्यजे?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

सुमन गच्चीवर कपडे वाळत घालता घालता मला हे सांगत होती. मी म्हणाले, "मग सांग ना त्यांना."

"कसं सांगू?" ती म्हणाली. "बाबाले सांगाचं म्हनजे गल्लीले सांगाचं. मले हे लगन नाही कराचं, असं मी अंगनात उभी राहून बोंबलू का?"

"लिहून दे."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या मैत्रिणीचं कार्ड मला आठवलं. चाचांना मध्ये घालायचं तर स्थळ त्यांनीच आणलेलं. आणि मी म्हणजे, दोन बँडांबद्दल एक वाक्य ओरडले तर आठवडाभर दाराबाहेर न पडलेली मुलगी. आम्ही दोघींनी उरलेले कपडे वाळत घातले. समोर चाचांचं मशीन रिकामंच चालू होतं.

त्या आठवड्यात आणखी एक अजब गोष्ट झाली. देऊळगावच्या व्याह्यांनी कधीतरी जत्रेत तेल बँड ऐकला होता आणि त्यांना तो आवडला होता. लग्नात तोच पाहिजे, असं त्यांनी कळवलं. गल्लीने श्वास रोखला. काका दोन दिवस ओट्यावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि म्हणाले, "आना तेल बँड. पोरीच्या सुखापुढं ढोल काय."

चाचा जिंकले होते, पण त्यांना ते नीट उपभोगता आलं नाही. ते मला म्हणाले, "बेटी, कमाल हाये. हा मानूस असा हारन असं कधी वाटलं नव्हतं. मजा नाही आली."

काकांनी हार मानली ती मनापासून. पुढच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी एका लग्नाची वरात होती आणि बँड तेलवाल्यांचा होता. आम्ही सगळे बघायला गेलो. काका चपला काढून, अनवाणी, थेट ढोलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले, डोळे मिटून. ते त्या ढोलाची सवय करून घेत होते. कडू औषध घेणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. बघता बघता त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर हलायला लागला. थापेबरोबर, न थांबता, तेल बँडासारखा. मला हसू आलं. मी सुमनला दाखवलं.

आम्ही त्यांच्या अगदी मागे उभ्या होतो. गर्दी इतकी, की हलायला जागा नव्हती. आवाज इतका, की माझे दात वाजत होते. सुमन हसली नाही. तिने माझ्या खांद्याला धरलं, तोंड माझ्या कानाला लावलं आणि बोलायला लागली. त्या गोंगाटात तिला पहिल्यांदा मोकळेपण मिळालं असावं. ती म्हणाली की तिला हे लग्न नको आहे. मुलगा वाईट नाही, पण नको आहे. तिला सुलतानपूरला जायचं आहे, वर्गात उभं राहायचं आहे, एकदा तरी. आणि बाबा इतके खूश आहेत, आपला ढोल सोडून ह्या ढोलापाशी उभे आहेत, तर आता त्यांना काय सांगायचं आणि कोणत्या तोंडाने. "मी काही बोलनार नाही," ती म्हणाली. "होऊन जाऊ दे. तुले सांगितलं, बस."

मी खाली पाहिलं. काकांचा अंगठा हलायचा थांबला होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटलेलेच होते. ढोल चालू होता, ताशे चालू होते, फक्त तो अंगठा मातीत रुतल्यासारखा स्थिर होता. मला वाटलं, त्यांना तो ढोल अखेर आवडलाच नाही.

साक्षगंध, म्हणजे तिकडचा साखरपुडा, आमच्या अंगणातच होता. देऊळगावची मंडळी सकाळच्या गाडीने आली. सतरंजी घातली, पानसुपारी झाली. सुमन आत हिरवी साडी नेसून बसली होती आणि उघड्या दारातून अंगण बघत मी तिच्या वेणीत गजरा खोवत होते. चाचा नवीन टोपी घालून काकांच्या शेजारी बसले होते, पाहुण्यांचं बोलणं त्यांच्या कानात मोठ्याने सांगायला. व्याही हसतमुख माणूस. ते म्हणाले, "बँडाचं ठरल्यालं हाय ना? तेल बँड."

चाचांनी ते कानात सांगितलं.

काका उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "म्या आयकला तो ढोल. बसत नाही. त्या ढोलावर मी पोरगी देत नाही."

अंगणात सगळेच एकदम बोलले.

"अरे फिटर," चाचा म्हणाले, "त्या दिवशी हाव म्हनला होता ना बे."

"आं?"

चाचा ओरडले. काका म्हणाले, "आं?" चाचांनी दोन्ही हातांचा कर्णा करून पुन्हा सांगितलं. गल्लीतली पोरं भिंतीवर चढली. "आं?" काका म्हणाले, हात कानामागे, चेहरा अगदी भोळा.

व्याही खरंच समजूतदार होते. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, हौस आहे. ते उठून काकांजवळ आले आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले, "बरं, जिन बँड आणा. आमची कायबी हरकत नाही. तुमचाच बँड आणा."

हे मी आतून ऐकलं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. म्हणजे प्रश्न सुटला. काकांना पाहिजे ते मिळालं होतं. माझा हात सुमनच्या वेणीवर तसाच राहिला.

"आं?" काका म्हणाले.

"जिन बँड. जिन."

"आं?"

हे इतक्या वेळा झालं, की शेवटी व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी टोपी सारखी केली, बायकांना खूण केली आणि मंडळी उठली. चाचा त्यांच्या मागे धावत रस्त्यापर्यंत गेले. काका सतरंजीवर एकटेच बसले होते. त्यांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि बाजारभाव मोठमोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आत सुमनने पदर तोंडावर घेतला होता. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती, हे मला ठरवता येईना, म्हणून मी तिच्या वेणीतला गजरा सोडवायला घेतला.

बँडापायी पोरीचं लग्न मोडणारा माणूस म्हणून काका सगळ्या खामगावात प्रसिद्ध झाले. भाजी घ्यायला गेलं की भाजीवाली विचारायची, "तुमी त्याच फिटरच्या घरी राह्यता का वो?" काहींनी त्यांना तोंडावर वेडा म्हटलं. त्यांनी विचारलं, "आं?"

खरा राग चाचांना आला होता. व्यापाऱ्याकडे त्यांची मान खाली गेली होती. दुसऱ्या संध्याकाळी काका नेहमीसारखे ओट्यावर जाऊन बसले. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं, मशीनवरचा पाय काढून खाली ठेवला आणि मग बोलले. बरंच बोलले. मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण ते हळू आवाजात होतं आणि गोड नव्हतं. काका त्यांच्या ओठांकडे पाहत बसून राहिले. मग उठून परत आले. पुढे कितीतरी दिवस समोर मशीन चाले ते कापड असेल तेव्हाच.

मी त्या दिवसांत गोंधळून गेले होते. सुमनचं लग्न मोडलं याचा मला आनंद झाला होता आणि ते अशा कारणाने मोडलं याची लाज वाटत होती. ती म्हणाली, "माह्यं नशीब. बाबाचं डोकं नेमकं त्याच दिवशी फिरलं." मी हो म्हणाले. पण त्यांनी मागितलेला बँड मिळाला तेव्हाच त्यांना ऐकू येईनासं का व्हावं, हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना.

पावसाळ्याच्या तोंडाशी सुमनची नेमणूक झाली. पोस्टमन आला तेव्हा ती अंगणात होती, त्यामुळे कागद तिच्याच हातात पडला. तिने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि मग काकांसमोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, पण ओरडायला तिला धीर होईना.

काका पायरीवर बसून कुलपात तेल घालत होते. वर न बघता म्हणाले, "सुलतानपूरले सरळ यष्टी नाही. मेहकरले उतराचं. तिथून जालन्याची गाडी भेटते, ते सुलतानपूरवरून जाते. म्या डायव्हरले इचारून ठेवलं."

सुमनच्या हातात कागदाची घडी तशीच होती. ती मला आत घेऊन आली. "बाबाले सुलतानपूर कोनं सांगितलं? तू?"

"नाही."

"मंग चाचानं सांगितलं असन. त्यायले कोनं सांगितलं?"

मला माहीत नव्हतं. पण मला तो मातीतला अंगठा आठवला, आणि रिकामं चालणारं मशीन आठवलं, आणि शांततेत मले कमी आयकू येते, हे वाक्य. त्या तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी खूप वेळ बघत राहिले. मी सुमनला काही सांगितलं नाही. माझा तर्क चुकीचा असता तर ते वाईट झालं असतं, आणि बरोबर असता तर तो सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

सुमन सुलतानपूरला गेली. काका तिला मेहकरपर्यंत सोडून आले. आल्यावर म्हणाले, "गाडी जुनी हाये, पन इंजिन बसलेलं हाये." त्याच संध्याकाळी ते ओट्यावर गेले. मी पायरीवर होते. चाचा काही वेळ शर्टाला काज करत बसले, मग तो शर्ट बाजूला ठेवला. थोड्या वेळाने मला समोरून मशीनचा आवाज आला. सुई वर होती.

"मंग काय," चाचा म्हणाले, "पोरगी गेली, आता तरी कबूल करा, तेलवाल्याचा ढोल बसते."

"मेलो तरी नाही," काका म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांची पुन्हा बदली झाली. सामान बांधायला घेतलं होतं, तेव्हा एक दिवस भर दुपारी एका वरातीपुढे जिन बँड आमच्या गल्लीतून आला. लाल कोट, उन्हात घामेजलेले. काका दारात आले. "कान्व्हेंट," त्यांनी हाक मारली, "चाल."

मी गेले. त्यांनी चपला काढल्या आणि मला ढोलाजवळ उभं केलं. ते समोर बघत होते, माझ्याकडे नाही. त्यांचे ओठ हलायला लागले. ते बोलत होते, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना पाहत होते, साध्या घरगुती आवाजात, दुसरी माणसं बोलतात तसं. आपल्याला ऐकू येतं तसं मलाही ऐकू येत असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग ढोल थांबला. पुरता नाही, थाप पडायच्या आधी जेवढा थांबतो तेवढा, आणि त्या फटीत एक शब्द आला, "पोरीले." मग थाप. मग त्यांचे ओठ, मग पुन्हा ती थांब, आणि त्यात, "सांगू नोको." मग थाप. ते अजून बोलत होते, पण ते सगळं ढोलाखाली गेलं.

जिन बँडाच्या ढोलात थांब आहे हे मला तेव्हा कळलं. एकदोन शब्द मावतात तिच्यात, जास्त नाही.

वरात वळणावरून दिसेनाशी झाली. गल्ली शांत झाली. लोक जेवायला बसले होते, भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. काका आता माझ्याकडे पाहत होते, उत्तराची वाट बघत, हात कानामागे. काय सांगायचं नाही, हे मला विचारायचं होतं. पण ते विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं.

मी मान हलवली.

"बसलं," काका म्हणाले, नेहमीच्या आवाजात, आणि वाकून चपला उचलल्या.

समोरच्या ओट्यावरून चाचांनी विचारलं, "काय बसलं, फिटर?" त्यांचा पाय मशीनवर नव्हता.

"आं?" काका म्हणाले.